अकरा लिफ्ट आणि एक फोन

मी खरेदी खात्यात होते असं सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात. म्हणजे घासाघीस करणारी बाई! आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतल्या बायका सुरुवातीला मला मोठ्या हौसेने बाजारात घेऊन जायच्या. त्यांची निराशाच व्हायची. मी भाव करतच नाही. मी मेथीची जुडी उलटी करते, दोरा सोडते आणि मधल्या काड्या बघते. भाजीवाला वैतागतो, पण त्याला इलाज नाही. एकोणतीस वर्षं मी हेच केलं.

अंधेरीच्या एमआयडीसीत लिफ्ट बनवणारी एक कंपनी होती, तिथे मी होते. लिफ्ट आम्ही बनवतो असं म्हणायचं, पण तिचे निम्म्याहून जास्त भाग बाहेरून यायचे. कुणी घाटकोपरच्या गाळ्यात स्प्रिंग बनवतोय, कुणी वसईला दारं. भाव ठरवून ऑर्डर देणं हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. खरं काम त्यानंतरचं. माल वेळेवर येतोय का, दर खेपेला तसाच येतोय का, करारात लिहिलंय त्याच पद्धतीने बनतोय का, हे वर्षानुवर्षं बघत राहायचं. लग्न ठरवणं वेगळं आणि संसार करणं वेगळं, तसंच हे. आणि या संसाराला एक भीती कायमची चिकटलेली असते. आपल्याला दिसत नाही असं काहीतरी कुणाच्या तरी गाळ्यात आत्ता, या क्षणी चाललंय.

गमतीही होत. एकदा एका नव्या पुरवठादाराने मला त्याचा कारखाना दाखवला. चकचकीत मशिनं, भिंतींना ताजा रंग. सगळं बघून झाल्यावर मी विचारलं, "वॉशरूम कुठे आहे?" त्या माणसाने एक दार उघडलं, तिथे झाडू. दुसरं उघडलं, तिथे मीटर. तिसऱ्या दाराला तर कुलूपच होतं. कारखाना त्याच्या मेव्हण्याचा होता, पाहणीपुरता मागून आणलेला. तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात गेले की मी आधी वॉशरूम विचारायचे. आमच्या क्वालिटीचा शेट्टी म्हणायचा, "नलिनी, लोकांना वाटतं तुला काहीतरी आजार आहे."

पण जे सांगायला बसले आहे ते गमतीचं नाही.

पुरवठादारांना दर तिमाहीला गुण देण्याचा तक्ता मी बनवला होता. मालाच्या दर्जाचे पन्नास, वेळेवर देण्याचे तीस, बाकीचे वीस. ऐंशीच्या खाली गेला की पत्र जायचं, दोनदा गेला की ऑर्डर निम्मी व्हायची. या तक्त्याचा मला अभिमान होता. आमच्या इतर कारखान्यांनीही तो उचलला. त्या तक्त्यात सहा वर्षं सतत वर असलेलं एकच नाव होतं, खानोलकर.

खानोलकर मूळचे कुडाळकडचे, घाटकोपरला त्यांचा गाळा. लिफ्टच्या ब्रेकच्या स्प्रिंग ते बनवायचे. साठीला आलेला, बुटका, कायम घाईत असलेला माणूस. त्यांच्या टेबलामागे आमच्या कंपनीने दिलेलं 'सर्वोत्तम पुरवठादार'चं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. खाली सही माझी.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला शेट्टीचा फोन आला. "नलिनी, खाली ये. आत्ता. कुणाला काही बोलू नकोस."

खाली टेस्टिंगच्या स्टँडवर एक ब्रेक होता. आदल्या दिवशी जुळवून ठेवलेला, नुसता ठेवलेला. त्याची एक स्प्रिंग दोन तुकडे होऊन जमिनीवर पडली होती.

"कुणी हात लावला?"

"कुणीच नाही गं. मी इथे उभा होतो. टण्णकन आवाज झाला. आपोआप तुटली, यार."

शेट्टीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला इंजिनियरिंग त्याच्याएवढं कळत नाही, पण इतक्या वर्षांत एवढं कळलं होतं की जुनी झालेली स्प्रिंग तुटणं वेगळं आणि नवी कोरी स्प्रिंग बसल्या जागी तुटणं वेगळं.

वाचकांना थोडं समजावून सांगते. लिफ्ट मजल्यावर थांबली की तिला जागच्या जागी धरून ठेवतो तो ब्रेक, आणि ब्रेक दाबून धरतात त्या दोन स्प्रिंग. त्यांना गंज लागू नये म्हणून झिंकचा मुलामा देतात. तो देताना हायड्रोजन वायू पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. म्हणून मुलामा दिल्यावर लगेच स्प्रिंग भट्टीत काही तास तापवायच्या असतात, म्हणजे तो वायू निघून जातो. गाळ्यातले लोक याला नुसतं 'बेकिंग' म्हणतात. हे केलं नाही तर स्प्रिंग दिसायला सुरेख दिसते. मापात बसते, तपासणीत पास होते. आणि ताणाखाली राहिली की कधीतरी तुटते. उद्या, पुढच्या आठवड्यात, किंवा कधीच नाही. वरून बघून देवालासुद्धा सांगता येत नाही.

बाराच्या आत आम्ही दोघं घाटकोपरला पोचलो. खानोलकर लगबगीने उठले. "अरे, मॅडम! फोन नाय काय नाय! बसा, चहा सांगतो."

"चहा नको. बेकिंगचं रजिस्टर दाखवा."

त्यांनी दाखवलं. प्रत्येक लॉट, तारीख, वेळ, तापमान, कालपर्यंतची नोंद. एकाच शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही. खऱ्या रजिस्टरवर तेलाचे डाग असतात, कोपरे दुमडलेले असतात. शेवटची दोन पानं तर नवी करकरीत होती. मी मागच्या बाजूला भट्टीकडे गेले. दारावर हात ठेवला तर दार गार. वर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला. तापत्या भट्टीवर कुणी पेपर ठेवत नाही.

मी मागे वळले. खानोलकर दारातच उभे होते.

"कधीपासून बंद आहे?"

 ते खाली बसले, तिथेच, लाकडी खोक्यावर. "पाच आठवडे. हीटर जळला. बनवणारा बारा दिवस म्हणाला, मग आणखी बारा म्हणाला."

"बाहेरून करून घ्यायचं."

"विचारलं दोघातिघांना. कुणाकडे जागा नव्हती." त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि एकदम गावच्या भाषेवर आले. "काय करूचा ता माका कळलाच नाय, मॅडम."

शेट्टी ओरडला, "अहो, मग सांगायचं ना! फोन करायचा एक!"

खानोलकरांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. आणि मला आठवलं.

फोन त्यांनी केला होता. पाच आठवड्यांपूर्वी, मी मीटिंगला जात होते, हातात फायली होत्या. ते म्हणाले, "मॅडम, या खेपेला आठ-दहा दिवस जास्त मिळतील काय?" मी म्हटलं, "खानोलकर, तुम्हीसुद्धा? सहा वर्षं वेळेवर आहात. या तिमाहीत घसरलात तर वर्षाचा करार मला वाचवता येणार नाही. काहीतरी करा." ते म्हणाले, "बरं. करतो काहीतरी."

का हवेत आठ दिवस, हे मी विचारलं नव्हतं. जिन्यावर होते. एक मिनिटसुद्धा झालं नसेल ते बोलणं.

शेट्टीला यातलं काही ठाऊक नव्हतं. खानोलकरही बोलले नाहीत. मी कागद पुढे केला आणि त्यांनी जबाब लिहून दिला: भट्टी बंद होती, स्प्रिंग न भाजता पाठवल्या, नोंदी खोट्या केल्या, चूक माझी आहे. सही करून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

परतीच्या वाटेवर शेट्टीने लॉट नंबर लावून हिशेब काढला. बऱ्याचशा स्प्रिंग आमच्या गोदामातच होत्या. पण काही दुरुस्तीच्या कामासाठी बाहेर गेल्या होत्या. जुन्या इमारतींच्या लिफ्टांना नवे जोड म्हणून बसवलेल्या. अशा अकरा लिफ्ट होत्या. दहिसरपासून मुलुंडपर्यंत अकरा इमारती. शेट्टी एकेक नाव वाचत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. बाहेर प्रत्येक उंच इमारत मला आमचीच वाटत होती.

आमच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ब्रेकला स्प्रिंग दोन असतात ना? एक गेली तरी दुसरी धरते."

"दुसरीही त्याच लॉटची आहे, सर."

"लिफ्ट कोसळू नये म्हणून वेगळी व्यवस्था असते. काय शेट्टी?"

शेट्टी म्हणाला, "कोसळणार नाही, सर. पण मजल्यावर थांबलेली असताना हलेल. दार उघडं असताना. माणसाचा एक पाय आत आणि एक बाहेर असताना."

साहेबांनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं.

"लॅबचा रिपोर्ट कधी येतोय?"

"शुक्रवारी."

"मग शुक्रवारी ठरवू. आज अकरा सोसायट्यांना लिफ्ट बंद करा म्हणून सांगितलं, तर उद्या सगळीकडे होईल की यांच्या लिफ्ट पडतात. तो जबाब तुझ्याकडेच राहू दे, नलिनी. फाईलला लावू नकोस अजून."

साहेब वाईट माणूस नव्हते. तेही घाबरले होते. भीतीने काही माणसं धावतात, काही जागीच थिजतात.

मी माझ्या खुर्चीत येऊन बसले.  मंगळवार ते शुक्रवार म्हणजे तीन दिवस. शाळा सुटायची वेळ, संध्याकाळी म्हातारी माणसं खाली उतरण्याची वेळ. नोकरी जाईल ही भीती होतीच. शिवाय दुसरीही एक होती, तिला नाव द्यायला मी तयार नव्हते.

मी खानोलकरांचा करार काढला. त्यातलं एक कलम मीच लिहिलेलं होतं: सुरक्षेबद्दल शंका आल्यास खरेदी प्रमुखाने तो माल ताबडतोब वापरातून काढावा. खरेदी प्रमुख मीच. कलम लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर गोदामातली फळी होती. पण माल फळीवर असावा की लिफ्टमध्ये, असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. मी सर्व्हिस खात्याला मेल लिहिला. अकरा पत्ते, कलमाचा क्रमांक, 'आज, आत्ता बंद करा'. साहेबांना प्रत. बटण दाबल्यावर मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले, शाळेतल्या मुलीसारखी.

सहाच्या सुमाराला दहा लिफ्ट बंद झाल्याचे निरोप आले. अकरावी मुलुंडला, सात मजली जुन्या इमारतीत. तिथला मेकॅनिक चार वाजताच बंद करून, पाटी लावून पुढच्या कामाला गेला होता. पण सेक्रेटरी फोन उचलेना. शेट्टी म्हणाला, "चल, जाऊन बघू. मला हे बरं वाटत नाहीये."

पोचलो तेव्हा लिफ्टला पाटी नव्हती. ती जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवलेली होती आणि लिफ्टच्या दारावरचा लाल आकडा बदलत होता. दोन. तीन.

सेक्रेटरी तिथेच उभे होते. "अहो मॅडम, पाचच मिनिटं चालू केलीय. सातव्या मजल्यावरचे काळे डायलिसिस करून आलेत. व्हीलचेअरवर आहेत. त्यांना काय जिन्याने चढवू? वर सोडलं की करा तुमची बंद."

"कोण कोण आहे आत?"

"काळे, त्यांची मिसेस आणि वॉचमन."

शेट्टी केव्हाच जिन्याने पळत सुटला होता. मी दारासमोर उभी राहिले. चार. पाच. लिफ्ट चालत असताना काही होणार नाही, थांबल्यावर होईल, हे मला आता पाठ झालं होतं. म्हणून प्रत्येक आकडा मला हवाही होता आणि नकोही. सहा. मी सेक्रेटरींना काहीतरी विचारलं, काय ते आठवत नाही. ते सहज म्हणाले, "दोन दिवस जरा विचित्रच वागतेय म्हणा. थांबते आणि मग चार बोटं वर सरकते."

सात.

वरून बाईची किंकाळी आली. मग काहीतरी धातूवर आपटल्याचा आवाज. मग एकदम शांतता.

मी वर बघून हाका मारल्या. शेट्टीच्या नावाने मारल्या असाव्यात. कुणीच उत्तर देईना. त्या वेळात मी काय काय पाहिलं ते लिहिणार नाही. तेवढ्या वेळात माणूस म्हातारा होतो, एवढंच सांगते.

मग शेट्टीचा धापा टाकणारा आवाज आला. "नलिनी! आहेत सगळे! बाहेर आहेत!"

मी तिथल्या तिथे पायरीवर बसले.

झालं होतं ते असं. लिफ्ट थांबली, काळेवहिनी बाहेर आल्या, वॉचमन बाहेर येऊन खुर्ची ओढू लागला. आतलं वजन कमी झालं, दोराच्या दुसऱ्या टोकाचं तोलाचं वजन भारी पडलं आणि लिफ्ट उघड्या दाराने वर सरकायला लागली. खुर्चीची पुढची चाकं बाहेर, मागची आत. मागची उचलली गेली, काळे पुढे झुकले. त्याच क्षणी शेट्टी सातव्या मजल्यावर पोचला आणि त्याने आणि वॉचमनने खुर्चीसकट त्यांना बाहेर खेचलं. काळ्यांची नडगी खरचटली, बाकी काही नाही. लिफ्ट हातभर वर जाऊन अडकली. शेट्टीने गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन मेन स्विच पाडला आणि ब्रेक उघडला. दोनपैकी एक स्प्रिंग तुटलेली होती, आणि उरलेल्या एकटीची पकड पुरत नव्हती.

पुढचे सहा दिवस, नव्या स्प्रिंग मिळेपर्यंत, आमचे चार मेकॅनिक काळ्यांना खुर्चीत बसवून डायलिसिसला खाली आणायचे आणि वर न्यायचे. एकदा मीही हजर होते. काळे म्हणाले, "माझ्या लग्नातसुद्धा एवढा मान मिळाला नव्हता हो." वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी नजर खाली घातली.

बाकीच्या दहांत आणखी एक तुटलेली स्प्रिंग सापडली. शुक्रवारी लॅबचा रिपोर्ट आला. शेट्टीने ओळखलं होतं तेच त्यात होतं. साहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "बरं केलंस." दुसऱ्या दिवशी परवानगीशिवाय मेल केल्याबद्दल मला मेमोही मिळाला. मेमोवर सही त्यांचीच होती, आणि मला वाटतं दोन्ही त्यांनी मनापासून केलं.

चौकशीचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यात एक ठरलेला रकाना होता: 'पुरवठादाराने अडचणीची पूर्वसूचना दिली होती काय?'

मी दोन दिवस त्या रकान्यापाशी थांबले. मग 'नाही' लिहिलं.

तांत्रिकदृष्ट्या ते खरंही होतं. त्यांनी अडचण सांगितली नव्हती, मुदत मागितली होती. असली वाक्यं करणं हाच तर माझा धंदा होता. करार रद्द केल्याचं पत्र मी स्वतः घाटकोपरला घेऊन गेले. खानोलकरांनी सही करून प्रत परत दिली. भिंतीवरचं प्रमाणपत्र उतरवलेलं होतं, तिथे रंगाचा उजळ चौकोन उरला होता. मी विचारलं, "जबाबात फोनचं का नाही लिहिलंत?"

ते म्हणाले, "भट्टी माझी होती ना, मॅडम. खोटं माझ्या हाताने लिहिलं. तुमचं नाव कशाला घालू?"

वर्षभराने त्यांनी गाळा बंद केला आणि गावी गेले. मी पुढे तक्त्यात बदल केला. अडचण आधीच सांगणाऱ्याचे वेळेचे गुण कापायचे नाहीत, उलट पाच जास्त द्यायचे, असं कलम घातलं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. हे सुचलं कसं, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, अनुभवातून. अकरा लिफ्ट थांबवण्याची हिंमत झाली, पण एका रकान्यात 'होय' लिहिण्याची झाली नाही.

निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी खानोलकरांचा नंबर शोधला. फोन त्यांनीच उचलला. मागे कोंबडा ओरडत होता. म्हटलं, "तो फोन मी लिहिणार आहे. तुमची हरकत नाही ना?"

 

"लिहा की," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मॅडम, ते खुर्चीवरचे गृहस्थ... त्यांचं पुढे काय झालं?"

"दोन वर्षं होते. आजारानेच गेले. घरी, झोपेत."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "त्या दिवशी लिफ्टमध्ये माणूस होता, एवढंच कानावर आलेलं. पुढचं कुणाला विचारायचा धीरच झाला नाही. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो, की तेव्हाच..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करार रद्द केल्याचं पत्र घेऊन गेले होते, तेव्हा हे मीही आपण होऊन सांगितलं नव्हतं.